थंडीची झाडे आणि पुण्याची थंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की पुण्यातल्या रोपवाटिकांत ट्यूलिपचे कंद, सफरचंदाची कलमे आणि लॅव्हेंडरच्या कुंड्या मांडल्या जातात आणि ‘थंडीत येणारे झाड’ एवढ्याच बोलीवर खपतातही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतली पहाट साधारण ११-१२ अंशांची असते आणि दुपारी पारा तिशीला टेकतो. अशी थंडी झाडाला मारत नाही हे खरे, पण ती त्याला झोपवतही नाही, आणि गिऱ्हाईक फसते ते नेमके इथेच. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी १२ ते १४ आठवडे ९ अंशांखालचा गारवा लागतो. हिमाचलात होणाऱ्या डेलिशससारख्या सफरचंदांना तर ७ अंशांखालचे हजारभर तास मिळावे लागतात.

मी स्वतः डझनभर कंद आणले होते. ते शीतगृहात ठेवलेले असल्याने पहिल्या वर्षी फुलले, फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले. जपून ठेवलेल्या त्याच कंदांना दुसऱ्या वर्षी बोटभर पाने आली आणि जूनमध्ये कुंडी उकरली तेव्हा हाताला नुसता लगदा लागला. विक्रेता म्हणाला, “पाणी जास्त झालं असेल.”

कंदाचीच हौस असेल तर निशिगंध आहे, शिवाय मे फ्लॉवर आहे. तो हिवाळ्यात कोरड्या मातीत निजतो आणि वळवाच्या सुमारास लाल चेंडूसारखा वर येतो. फ्लॉक्स, पिटुनिया, डायन्थस यांचे बी पाऊस ओसरताच, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात टाकावे, म्हणजे जानेवारीत वाफे भरतात. शेवंती आणि पॉइन्सेटियाला तर कडाक्याची थंडी नकोच असते, त्यांना लांब, अंधाऱ्या रात्री हव्या असतात. माझ्या गॅलरीतल्या पॉइन्सेटियाची रस्त्यावरच्या दिव्याकडची बाजू डिसेंबर उलटला तरी हिरवीच होती, भिंतीकडची मात्र लालभडक झाली होती. लॅव्हेंडर हिवाळाभर छान राहते आणि बहुधा पावसाळ्यातल्या दमटपणाने कुजते, हेही विकताना कोणी सांगत नाही.

रोपवाटिकांनी कुंडीवरच्या चिठ्ठीवर झाडाला किती थंडी लागते आणि ते एकाच हंगामाचे की दरवर्षी फुलणारे, एवढे मराठीत लिहावे, ही विनंती. किंमत तिथे असतेच.

आपला,
एक वाचक, पुणे