इन्सुलिनचा डबा कोण बांधते, असे विचारणाऱ्या मॅडमना

नागपूर

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायला सुरुवात केली की तुम्ही ‘बरं बरं, पुढचं बोल’ म्हणून विषय बदलता. समोरासमोर ते जमत नाही, म्हणून हे पत्र सर्वांच्या देखत लिहीत आहे. दुसरे कारण असे की, कामाच्या पात्रतेबद्दल आणि हक्कांबद्दल तुम्ही मला जे सांगितले, ते गंजीपेठेतील दवा बाजारात आणि विदर्भातल्या गावोगावच्या औषध एजन्सींमध्ये काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना अजून कोणी सांगितलेले नसावे, असे मला त्यांच्याशी बोलताना वारंवार जाणवते.

बी.कॉम. झाल्यावर २०११ साली मी ज्या घाऊक औषध विक्रेत्याकडे नोकरीला लागले, त्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. माझ्याकडे सुरुवातीपासून एक्स्पायरीचे काम होते. किरकोळ दुकानदारांकडून परत आलेल्या पट्ट्या आणि बाटल्या बॅच क्रमांकानुसार वेगळ्या करायच्या, ज्या कंपनीचा माल तिच्या नियमांप्रमाणे मुदतीत दावा पाठवायचा, क्रेडिट नोट, म्हणजे परत मालाची रक्कम जमा केल्याची कंपनीची चिठ्ठी, आली की ती दुकानदाराच्या खात्याशी जुळवायची, आणि गोदामातील जो माल तीन-चार महिन्यांत मुदतीबाहेर जाणार असेल त्याची यादी काउंटरवरच्या मुलांच्या हाती वेळेवर द्यायची, असे ते काम. पुढे शीतपेटीतील मालही माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. यादी वेळेवर गेली तर माल विकला जात असे आणि ते श्रेय काउंटरचे असे. यादी चुकली तर नुकसान मात्र माझ्या नावावर पडत असे. ऑफिसात माझी ओळख ‘एक्स्पायरीवाली’ एवढीच होती. दिवाळीला सेल्सच्या मुलांना जे पाकीट मिळे, त्यापेक्षा माझे पाकीट पातळ असे, आणि त्याबद्दल विचारले तर ‘तुमच्या टेबलवरून धंदा कुठे येतो?’ असे हसत हसत सांगितले जाई. ते हसणे मला बोलण्यापेक्षा अधिक लागत असे.

मला वर चढण्यासाठी पायरीच नव्हती. पेढी घरची, गोदामाचा व्यवस्थापक म्हणून शेठजींचा पुतण्या आलेला, आणि त्याला शीतपेटीचे तापमान कुठे बघायचे हे मीच दाखवलेले. घरी सांगावे तर सगळ्यांचे एकच म्हणणे, की सावलीतले काम आहे, मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात दवाखान्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या एमआरकडे, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडे बघ आणि गप्प बस. त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. सावली खरीच होती, परंतु त्या सावलीत बसून मला रोज सकाळी उठावेसे वाटत नव्हते, आणि हे तक्रार म्हणून मांडण्याइतके मोठे आहे की नाही याची माझी मलाच खात्री नव्हती.

अशा वेळी, २०२२ च्या मे महिन्यात, तुमच्या रुग्णालयाच्या औषध भांडारातून आमच्याकडे फोन आला. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते हे आमच्या धंद्यात सर्वांना पाठ असते. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात सगळे लक्ष ते तापू नये यावर असते आणि डब्यात जितका बर्फ घालता येईल तितका घातला जातो. इन्सुलिन गोठले तरी ते तितकेच वाया जाते, पुन्हा वितळल्यावरही वापरायचे नसते, आणि नुसते बघून ते नेहमी ओळखता येईलच असे नाही, याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. मी आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात घालत नसे. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत तो बाहेर ठेवून, पुसून, मगच थर्माकोलच्या डब्यात ठेवत असे आणि आइसपॅक व इन्सुलिनचे खोके यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी उभी करत असे. हे मला कोणी करायला सांगितले नव्हते. एका कंपनीच्या माहितीपत्रकात वाचले होते आणि पटले होते. डबे भरायला त्यामुळे थोडा वेळ अधिक लागे, आणि त्यावरून मी बोलणीही खाल्लेली होती.

‘हा डबा कोण बांधतं?’ असे तुम्ही विचारलेत. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे उत्तर मलाही ऐकू आले : ‘आहे एक पोरगी आमच्याकडे. काही कमी निघालं का?’ त्यावर तुम्ही ‘कमी काही नाही, तिला फोन द्या’ म्हणालात, आणि पुढची काही मिनिटे पॅक किती वेळ बाहेर ठेवतेस, उमरेडला माल जातो तेव्हा काय करतेस, डब्यात तापमापी ठेवून कधी पाहिले आहेस का, असे एकामागून एक प्रश्न विचारलेत. शाबासकीचा शब्द त्यात एकही नव्हता. तरीही माझे काम ज्याला कळते अशा माणसाने ते तपासले, ही गोष्ट माझ्या सगळ्या नोकरीत प्रथमच घडत होती. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडायचाही विसरले, हे तुम्हाला कधी सांगितले नाही.

परत आलेला माल मोजून घेण्याच्या निमित्ताने मी तुमच्या भांडारात येऊ लागले, आणि एकदा तेथील रॅकच्या आडोशाला मला रडू आवरले नाही. तुम्ही पाणी दिलेत, थांबलात आणि म्हणालात, ‘रडून राहिली ते ठीक आहे, पण काय काय काम करून राहिली, ते कुठं लिहून ठेवलं का?’ ते लिहून आणायला सांगितलेत. मी चांगली चार पाने भरून आणली, तर त्यातले ‘अत्यंत प्रामाणिकपणे’, ‘जबाबदारीने’ असे सगळे शब्द तुम्ही लाल पेनाने खोडलेत आणि समासात ‘किती बॅच? कोणत्या कंपन्या? तापमानाची नोंद दिवसातून कितीदा?’ असे लिहिलेत. तुमचा राग आला होता मला. कौतुक ऐकायला आलेल्या माणसाच्या हाती कोरा तक्ता द्यावा, तसे ते झाले होते. पण तो तक्ता भरताना प्रथमच माझ्या लक्षात आले, की मी जे करते ते ‘टेबलवर्क’ नाही.

मग तुम्ही मला औषध नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांतला नियम ६४ दाखवलात. फार्मसीची पदवी नाही, बारावीला विज्ञान नसल्याने डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या पदविकेलाही प्रवेश नाही, तेव्हा या धंद्यात आपण कायम हाताखालचेच राहणार, असे मी धरून चालले होते. किरकोळ दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच. परंतु घाऊक विक्रीच्या परवान्यासाठी, म्हणजे नमुना (फॉर्म) २०-ब आणि २१-ब साठी, जी सक्षम व्यक्ती दाखवावी लागते, ती फार्मासिस्ट असू शकते, किंवा औषधांच्या व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेली कोणत्याही शाखेची पदवीधर असू शकते, किंवा औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेली दहावी उत्तीर्ण व्यक्तीही चालते, हे तुम्ही बोट ठेवून वाचून दाखवलेत. म्हणजे ज्या पात्रतेवर घाऊक परवाना उभा राहतो, ती पात्रता माझ्याकडे अनेक वर्षे पडून होती आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. मालकांना होती की नाही, याचा विचार मी आता करत नाही. तेव्हा मात्र पुष्कळ केला.

मी त्याच आठवड्यात राजीनामा देणार होते. तुम्ही थांबवलेत, आणि त्याबद्दलचे आभार बाकी सगळ्याहून अधिक आहेत. अनुभवाचा दाखला हातात पडेपर्यंत कोणाशी भांडायचे नाही, ही तुमची अट होती. पहिला दाखला ‘कार्यालयीन सहायक म्हणून काम केले, वर्तणूक चांगली’ असा मिळाला; तो परवान्याच्या कामी निरुपयोगी आहे हे तुम्ही लगेच ओळखलेत आणि औषधांची खरेदी, साठवण व विक्री हे शब्द घालून नवा मसुदा माझ्याकडूनच लिहून घेतलात. तो मी पुतण्याकडे न नेता मोठ्या शेठजींकडे नेला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि ‘बरोबर लिहिलं आहे’ म्हणून सही केली. त्यांच्याविषयी माझ्या मनात आज कडवटपणा नाही, तो या सहीमुळे.

ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळायच्या रकमेचे, प्रकरण थोडे लांबले. ‘आपल्याकडे तसं काही नसतं’ असे उत्तर आल्यावर, दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होत होता आणि पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर तो हक्क असे, हे तुम्ही मला शांतपणे समजावून सांगितलेत. मूळ पगार व महागाई भत्त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागायचे आणि आलेल्या आकड्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. १२,००० रुपये धरले तर वर्षामागे सुमारे ६,९२३ रुपये, असा हिशेब तुम्ही औषधाच्या रिकाम्या खोक्यावर करून दिलात. मी अर्ज दिला, पोच घेतली, आणि रक्कम मिळाली. पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वळवण्याचा सल्लाही तुमचाच. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो, हेसुद्धा मला ठाऊक नव्हते.

आता मी ज्या एजन्सीत आहे, तेथील परवान्यावर सक्षम व्यक्ती म्हणून माझे नाव आहे. पगार वाढला, तसे कामही वाढले. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आले की उत्तरे मला द्यावी लागतात आणि त्या दिवशी घशाला कोरड पडते. येथे सगळे गोड आहे असेही नाही. मालक वेळेवर पगार देतात पण रजा मागितली की त्यांचा चेहरा पडतो, आणि कौतुक येथेही कोणी उठून करत नाही. फरक एवढाच, की शीतपेटीबद्दल मी ‘नाही’ म्हटले तर माल बाहेर जात नाही. मला हवे होते ते हेच होते, आणि ते काय आहे हे मला तुमच्या समासातल्या लाल प्रश्नांमुळे कळले. धीर देणारी माणसे मला तेव्हाही भेटत होती. ‘चांगले दिवस येतील’ म्हणणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. तुम्ही त्यातले काहीच म्हणाला नाहीत, आणि माझ्या कामात एक चूकही काढलीत : डब्यावर पॅकिंगची वेळ लिहीत नसे, ती लिहायला लावलीत.

शेवटी एक विनंती आहे. माझ्या जुन्या टेबलवर आता जी मुलगी बसते, ती बी.ए. आहे, तिला तेथे तीन वर्षे होत आली आहेत आणि तिलाही नियम ६४ कोणी सांगितलेला नव्हता. तो मी सांगितला, परंतु दाखल्याचा मसुदा तुमच्या नजरेखालून गेलेला बरा. तुम्हाला न विचारता तिला तुमचा क्रमांक दिला आहे, त्याबद्दल रागावू नये. निवृत्तीनंतर तुम्ही दुपारी झोपता हे तिला बजावले आहे; ती शनिवारी पाचनंतर फोन करील.

आपली नम्र,
गंजीपेठेची माजी ‘एक्स्पायरीवाली’