पाळीव मांजर घरातच ठेवायचा नियम पुण्यातही हवा

मा. संपादक,
स. न.

मांजरं पाळणाऱ्यांना हे पत्र आवडणार नाही याची मला कल्पना आहे, पण मी स्वतः गेली बावीस वर्षं मांजरं पाळतेय म्हणूनच लिहितेय. पाळीव मांजर घरात किंवा जाळी लावलेल्या बाल्कनीतच ठेवायचं, बाहेर मोकळं सोडायचं नाही, असा नियम पुणे महापालिकेने करावा असं मला मनापासून वाटतं.

आमचा भुऱ्या बोका दिवसभर घरात लोळायचा आणि रात्री किचनच्या खिडकीतून पत्र्यावर उडी मारून जायचा. कोथरूडला आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे त्याला सोपं होतं. आम्हीही म्हणायचो की मांजर म्हणजे मोकळं जनावर, त्याला अडवू नये. एका एप्रिलमध्ये बाल्कनीतल्या मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं होतं, दोन पिल्लं होती, अजून पंखसुद्धा नीट फुटले नव्हते, कुणी जवळ गेलं की आई आली असं समजून चोची उघडायची. भुऱ्याने एका पहाटे दोन्ही उचलली. घरात त्याची वाटी भरलेली होती, म्हणजे भुकेपोटी नाहीच. नंतर दोन दिवस बुलबुलाची जोडी वायरवर बसून ओरडत होती आणि मी ते ऐकत स्वयंपाक करत होते, ते अजून विसरले नाहीये.

तेव्हाच खिडकी बंद करायला हवी होती. नाही केली. त्याच वर्षी पावसाळ्यात सकाळी वॉचमनने बेल वाजवली, भुऱ्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली बसला होता, जबडा मोडलेला, मागचा एक पाय ओढत होता. डॉक्टर म्हणाले बहुतेक दुचाकीने उडवलं असणार. तिसऱ्या दिवशी गेला. चूक त्या गाडीवाल्याची नाही, आमची आहे.

वाड्यात गोष्ट वेगळी होती. मांजर उंदरांसाठी असायचं, अंगण होतं, माळा होता, आळीत सगळे तिला ओळखायचे. आता खाली उतरलं की रस्ता. शिवाय ऑपरेशन न केलेली मांजरी पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत पिल्लं, आणि मग ती पिल्लं खोक्यात घालून टेकडीवर नाहीतर मंडईपाशी सोडून येणारी माणसं मी बघितली आहेत. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे, पण पकडतंय कोण.

बाहेरच्या देशात असे नियम आहेत. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये १ जुलै २०२२ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मांजरीला आवारातच ठेवावं लागतं, बाहेर न्यायचं तर पट्टा लावून. जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावात २०२२ मध्ये चंडोल पक्ष्याची पिल्लं वाचावीत म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत मांजरं घरात ठेवायचा आदेश निघाला होता. मला कॅनबेराची पद्धत पटते. दहा वर्षं बाहेर फिरलेल्या म्हाताऱ्या बोक्याला एका दिवसात कोंडलं तर तो रडून रडून आजारी पडेल, पण पिल्लू लहानपणापासून आत वाढलं तर त्याला त्रास होत नाही. आत्ताची आमची चिमी तशीच वाढली. सुरुवातीचे पंधरा दिवस दाराशी बसून ओरडायची, मग संध्याकाळी अर्धा तास दोरीने खेळवायला लागलो आणि झोपायच्या आधी जेवण द्यायला लागलो, तेव्हापासून रात्रभर गप्प झोपते. फक्त डासांच्या जाळीवर विसंबू नका, नखाने एका मिनिटात फाटते, वरच्या मजल्यावरून मांजर पडलं तर पाय आणि जबडा जातो. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी हुक मारून ताणून बसवून घ्या.

इथेच खरी अडचण आहे. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, आणि काही सोसायट्या म्हणतात की जाळीने बिल्डिंगचा लूक जातो, त्याच बिल्डिंगमध्ये कबुतरांच्या जाळ्या मात्र दहा ठिकाणी चालतात. म्हणून नियम करायचा तर जाळी लावायचा हक्कही त्यातच लिहून द्या, नाहीतर भाडेकरूने काय करायचं? आणि दुसरं, भटक्या मांजरांना हा नियम लावू नका. एखाद्या सेक्रेटरीला निमित्त मिळालं की तो खालच्या सगळ्या मांजरी पोत्यात घालून कुठेतरी सोडून येईल, ही भीती मला खरंच वाटते. त्यांच्यासाठी ऑपरेशन करून तिथेच परत सोडणं हाच उपाय आहे.

महापालिकेने २०२२ मध्येच पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतलाय. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी नोंदणी केली विचारलं तर बहुतेकांना हे माहीतच नव्हतं. मोठा दंड वगैरे नंतर बघू. आधी त्या नोंदणीच्या अर्जातच ऑपरेशन झालंय का, अँटीरेबीजची लस दिलीय का, बाल्कनीला जाळी आहे का, एवढं विचारायला लागा, आणि पुढच्या मार्चच्या आत, कारण मार्चपासून बुलबुल घरटी करायला लागतात.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे