सुवर्णकाकांचे पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा चाहत्यांना लिहायला शिकवणारा लेख वाचला. रात्री वाचला तेव्हा दुर्लक्ष करायचे ठरवले होते. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला आणि राहवले नाही. मनाला काय वाटते ते बाजूला ठेवा, आकडेवारी बघा आणि मगच पेन उचला, असा लेखकमहाशयांचा सल्ला आहे. सल्ला उत्तमच. मी तो एकदा पाळलेला आहे.

ऑगस्ट २०१८, जकार्ताची आशियाई स्पर्धा. सोमवारी संध्याकाळी आपला कबड्डी संघ कोरियाकडून २४-२३ ने हरला. साखळीतला सामना, एका गुणाचा फरक, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मी घेतले. पंधरा वर्षे डाव्या कोपऱ्यात उभा राहिलोय. समोरचा मध्यरेषा ओलांडतो तेव्हा तो बिचकलाय की नाही, हे आधी त्याच्या पावलात दिसते. कोरियाची मुले बिचकत नव्हती. बिचकतील कशाला? त्यांचा जँग कुन ली आपल्याच प्रो कबड्डीत बंगालकडून वर्षानुवर्षे खेळत होता. इराणचा फजल अत्राचली तर आमच्या मुंबईच्या संघात होता. आपल्या पोरांची प्रत्येक चढाई त्यांना पाठ.

त्याच रात्री एका दैनिकाला (आपले नव्हे, घाबरू नका) पत्र लिहिले. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या : ‘समोरच्यांना आता आपली भीती वाटत नाही. यंदा सुवर्ण येईलसे मला वाटत नाही.’

बुधवारी तिथल्या उपसंपादकांचा फोन. मुलगा गोड बोलायचा. ‘काका, पत्र मस्तय, पण शेवट भावनेच्या भरात झालाय. १९९० पासून सात आशियाई स्पर्धा, सातही सुवर्ण. आकडे बघा ना.’ आकडे खरेच होते. शिवाय पत्र छापून यायला हवे होते, ते का लपवू? मी त्या दोन ओळी खोडल्या आणि त्याजागी ‘एखादी ठेच लागली तरी सुवर्ण कुठे जात नाही’ असे लिहून मुलीकरवी मेल केली.

गुरुवारी उपांत्य फेरीत इराणने आपल्याला २७-१८ असे लोळवले. पत्र छापून आले शुक्रवारी! पहिल्या पानावर पराभव आणि आत माझ्या नावासकट सुवर्ण कुठे जात नाही. व्यायामशाळेतल्या पोरांनी ते कात्रण फळ्यावर डकवले. वर खडूने ‘सुवर्णकाका’. आज इतकी वर्षे झाली, नाक्यावरचा चहावालासुद्धा त्याच नावाने हाक मारतो. त्याच शुक्रवारी मुलींचाही अंतिम सामना इराणने २७-२४ ने घेतला. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक कोण, तर आमच्या नाशिकच्या शैलजा जैन. हे कुठल्या आकडेवारीत बसवायचे ते लेखकमहाशयांनी सांगावे.

माझे मन चुकत नाही असा दावा नाही. मार्च २०२४ मध्ये हैदराबादला प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्याआधी मी हरियाणा जिंकणार असे छातीठोक सांगितले होते. पुणेरी पलटण २८-२५ ने जिंकली, पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले, आणि मी अकरा जणांना चहा पाजला. पण ती चूक माझी होती. तिच्यावर मीही हसलो. जकार्ताची चूक मात्र दुसऱ्याची, सही तेवढी माझी. ती अजून बोचते.

चाहत्याला पगार नाही, पास नाही, खेळाडूंच्या खोलीत प्रवेश नाही. त्याच्याकडे असतात दोन डोळे आणि पोटात उठणारा गोळा. तेही आपण काढून घेणार असाल तर त्याने लिहायचे काय? गुणफलक तर तुम्ही छापताच.

छापता म्हणजे, कधीमधी. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. गेल्या १५ जुलैला आपल्या अंकात एक ओळ नव्हती. परदेशी फुटबॉलपटूच्या नव्या केशरचनेला मात्र दोन स्तंभ, फोटोसह. आणि जिल्हा निवड चाचणीच्या बातमीत ‘लोण’चे, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद करण्याचे, ‘लोन’ झाले होते. खेळाडू काय बँकेत गेले होते?

पत्र लांबले. जागेअभावी कापायचे झाल्यास वरून कापावे, शेवटाला हात लावू नये. फोन करू नये. दुपारी मी झोपतो, आणि गोड बोलणाऱ्यांना मला नाही म्हणता येत नाही.

आपला,
एक जुना डावा कोपरा
परळ, मुंबई