'सभासदाशी नाते'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा मी मानद सचिव आहे. गेल्या महिन्यात एका सभासदांनी नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत आणून दिला. सोळा वर्षे एकाच घरात राहणाऱ्या आपल्या जोडीदाराचे नाव त्यांनी नॉमिनी म्हणून घातले होते. 'सभासदाशी नाते' या रकान्यात आधी 'मित्र' लिहून मग ते खोडलेले होते. "म्हणजे माझ्यामागे घर त्याचंच ना?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला नाही म्हणावे लागले. सहकार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी केवळ तात्पुरता सभासद होतो. हक्क वारसाचा, नाहीतर मृत्युपत्रात ज्याचे नाव असेल त्याचा. मृत्युपत्र करा, एवढेच मी सुचवू शकलो (आणि ते नोंदवाही, कारण पुतणे कधी उगवतील सांगता येत नाही).

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. मात्र समलिंगी विवाहांच्या मान्यतेबाबत १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिलेल्या निकालात, विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची फेररचना हे कायदेमंडळाचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. न्यायालयाचा हा संयम मला समजतो, पण तैवानच्या न्यायालयाने २०१७ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा करण्यास दोन वर्षांची मुदत घालून दिली आणि तेथील संसदेने ती २०१९ मध्ये पाळली, तशी मुदत आपल्याकडे कोणालाच नाही. केंद्राने २०२४ मध्ये शिधापत्रिका आणि संयुक्त बँक खात्यांबाबत सूचना काढल्या; वारसाहक्काला त्यांचा उपयोग नाही.

दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्राला मात्र सुटता येणार नाही. विवाह आणि वारसा हे समवर्ती सूचीतील विषय आहेत, सहकारी संस्था तर राज्याच्याच अखत्यारीत येतात. शिवाय वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी दुरुस्ती केंद्राने २००५ मध्ये केली, ती आपल्या विधिमंडळाने १९९४ मध्येच केली होती. पुणे शहरातून आठ आमदार विधानसभेत जातात. त्यांपैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात, निदान जोडीदाराच्या वारसाहक्कापुरते, अशासकीय विधेयक मांडावे.

— एक सोसायटी सचिव, कोथरूड, पुणे