सुंदरबनची एक दिवसाची सहल

संपादक महोदय,
स. न.

कोलकात्याला जोडून सुंदरबनची एक दिवसाची बोटसफर विकणाऱ्या सहलींच्या पत्रकांत वाघाचा फोटो ठळक असतो, भरती-ओहोटीच्या वेळा मात्र कुठेच नसतात. खरे तर सगळे त्यांवरच अवलंबून आहे. कोलकात्याहून गोदखालीच्या धक्क्यापर्यंत गाडीने तीनेक तास लागतात आणि परतीचेही तेवढेच. बोटी अंधारात जंगलात फिरू देत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष पाण्यावर उरतात जेमतेम पाच-सहा तास. त्यातला बराच वेळ सजनेखालीला वनखात्याचा परवाना आणि सोबतचा गाइड घेण्यात जातो. मूळ ओळखपत्र जवळ नसेल तर तिथेच खोळंबा.

पूर्ण भरतीत चिखलाचे काठ बुडतात, मग उन्हाला पडलेल्या मगरी दिसणार कुठून? पूर्ण ओहोटीत अरुंद खाड्यांत बोट रुतते, म्हणून नावाडी रुंद नदीतूनच नेतो. उतरत्या पाण्याचे दोन-तीन तास सर्वांत चांगले. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. पण तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपला कोकणी हिशेब तिथे लागू पडत नाही. स्थानिक वेळ विचारूनच तारीख ठरवावी.

वाघ दिसेलच असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सुधन्यखालीचा मनोरा, दोबांकीचा जाळीबंद उंच मार्ग आणि चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वास घेणारी मुळे, एवढे निवांत पाहायचे, तरी एक रात्र मुक्काम हवाच.

– एक वाचक, ठाणे