त्या पुल-अपबद्दल, सिलेक्टर दादांना

दादा,

परवा तुम्ही रेकॉर्ड लावत होतात, त्या सेटचं कौतुक अजून संपलेलं नाही. तो हॉर्न, ती उड्या मारणारी गर्दी, एकामागून एक माइकवर आलेले आम्ही चार पाहुणे. तिसऱ्या गायिकेच्या वेळचा पुल-अप (चालू रेकॉर्ड मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावणं) म्हणजे अख्ख्या रात्रीचा कळस होता, असं बरेच जण म्हणतायत. ती तिसरी मी. तो पुल-अप का झाला हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

मी ओळ विसरले होते.

तुम्ही स्लेंग टेंग लावलं होतं. १९८५ सालचा, जमैकातल्या प्रिन्स जॅमीच्या स्टुडिओतला तो रिडिम (ज्यावर गायचं तो ताल-बेसचा साचा), एका छोट्या कॅसिओ कीबोर्डमधल्या तयार तालावर उभा राहिलेला. इतक्या वर्षांत कितीतरी जणांनी त्यावर आवाज चढवलाय, मी कोण त्यात! पहिलं कडवं झोकात गेलं. दुसऱ्याच्या तोंडावर पाटी कोरी. आणि तो बेस काही थांबत नाही हो, मुंगीसारखा चालतच राहतो. घसा कोरडा, हातातला माइक दगडाएवढा जड.

तेवढ्यात तुमचा हात प्लॅटरवर पडला. घर्रर्र करून रेकॉर्ड मागे, वर हॉर्न, आणि तुम्ही ओरडलात, "हे असंच जाऊ द्यायचं? पहिल्यापासून!" मैदान पेटलं. जमैकाच्या डान्सहॉल संगीतात रेकॉर्ड मागे फिरवून पुन्हा लावणं म्हणजे गाणाऱ्याचा मान. लोकांना वाटलं मला मान मिळाला. खरं तर तुम्ही माझी अब्रू झाकत होतात.

पण मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. त्या गदारोळात तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसतं मिक्सरच्या कडेवर बोट आपटलंत, दोनदा. तिथे कागदी टेपची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर काळ्या मार्करने आम्हा चौघांची नावं. प्रत्येक नावापुढे त्याच्या प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द. माझ्या नावातली वेलांटीही बरोबर, जी माझ्या नातेवाइकांना जमत नाही. दुपारच्या साउंडचेकला तुम्ही कोपऱ्यात बसून काहीतरी खरडत होतात, मला वाटलं हिशोब चाललाय.

मला शब्द दिसला. पुढचं सगळं आपोआप आलं.

याआधी एका मोठ्या कार्यक्रमात माझी अशीच तंतरली होती. तिथल्या महाशयांनी माझ्या आवाजाचा फेडर खाली ओढला, "घसा बसला वाटतं" असं माइकवर म्हणून हशा मिळवला आणि पुढचा ट्रॅक सुरू केला. पोस्टरवर मी "आणि इतर"मध्ये होते. माइकची बॅटरी मरायला टेकलेली, ते सांगायला गेले तर आयोजक फोनवर. त्यानंतर सहा महिने मी माइकला हात लावला नाही.

अशा लोकांना एक विचारावंसं वाटतं. जमैकात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला तेच गाणं गायकाचा आवाज वगळून का छापायचे? त्याला व्हर्जन म्हणायचे. १९७०च्या सुमाराला यू-रॉय हा माइकवाला किंग टबीच्या साउंड सिस्टिमवर (नाचासाठी लावलेल्या स्पीकरांच्या संचावर) बोलायचा तो अशाच मोकळ्या जागांत. (तिकडे डीजे म्हणजे माइकवरचा, रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर, आपल्याकडे पोस्टरवर सगळेच डीजे, असो.) ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजासाठी ठेवलेली असते. काही जणांना ती स्वतःचा हॉर्न वाजवायला मिळालीय असं वाटतं.

सेट झाल्यावर मी आभार मानायला आले, तर तुम्ही केबल गुंडाळत होतात. "कसले आभार, गर्दीनेच मागितलं," म्हणालात. गर्दीने काहीएक मागितलं नव्हतं, दादा. गर्दी त्या क्षणी माझ्याइतकीच गप्प होती.

ती टेपची पट्टी मी तुम्हाला न विचारता काढून आणलीय. मिक्सरच्या कडेला चिकटा राहिला असेल, तर तो माझ्यामुळे.

तुमची,
तिसरी