आई-बाबा, सिझर की नॉर्मल, एकदाच सगळं लिहून पाठवते

आई, बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज रडवेला होतो आणि बाबा तुम्ही "डॉक्टर म्हणतील तसं करा" म्हणून फोन तिच्याकडे देऊन टाकता, म्हणून लिहायला बसले. मोठ्याने वाचलंत तरी चालेल, लाजण्यासारखं काही नाहीये यात.

सोनूच्या वेळी सिझर झालं असलं तरी मला यावेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचाय. डॉक्टरांनी मागची फाईल बघितली, मला तपासलं आणि मग हो म्हणाल्या.

बाबा, तुमचं "एकदा सिझर की कायम सिझर" हे वाक्य १९१६ सालचं आहे बरं का, न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांचं. त्या काळी गर्भाच्या पिशवीवर उभा छेद घ्यायचे, वरच्या जाड भागात, आणि कळा येतात तेव्हा सगळ्यात जास्त जोर तोच भाग लावतो, त्यामुळे तो टाका उसवायची भीती खरीच होती. आता बहुतेक वेळा छेद खालच्या पातळ भागात आडवा घेतात, तो कळांमधे बराच चांगला टिकतो. गंमत म्हणजे त्या डॉक्टरांना मुळात सांगायचं होतं की पहिलं सिझर करतानाच दहादा विचार करा, पण लोकांनी तेवढं एक वाक्यच लक्षात ठेवलं.

माझा छेद कसा होता हे बघायला पोटावरचा व्रण उपयोगाचा नाही, बाहेरून आडवा दिसला तरी आत वेगळा असू शकतो. म्हणून मागच्या हॉस्पिटलमधून ऑपरेशनच्या नोट्स काढून आणल्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं सिझर एवढंच होतं, खरी माहिती त्या नोट्सच्या पानावर, असं किरटं अक्षर की मला एक ओळ धड लागेना. डॉक्टरांनी बोट ठेवून वाचून दाखवली, छेद खालच्या भागात, आडवा, कुठे वाढवावा लागला नाही. उभा निघाला असता तर मी हे पत्रच लिहिलं नसतं, सरळ सिझरची तारीख घेतली असती.

दुसरं म्हणजे सोनू पायाळू होता म्हणून सिझर झालं, कळा येऊन बाळ अडकलं असं काही झालं नव्हतं. हे बाळ डोक्यावर आहे. मागचं कारण यावेळी नसलं की नॉर्मल व्हायची शक्यता वाढते. एरवी सुद्धा सिझरनंतर प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर टाक्याला धोका जास्त, आपलं अंतर त्याहून चांगलंच जास्त आहे. वार पण वरच्या बाजूला आहे, टाक्याजवळ नाही, ते सोनोग्राफीत नीट बघून घेतलंय.

आता आई, तू जे विचारायला घाबरतेस ते. टाका उसवणं, म्हणजे पिशवी फाटणं. होऊ शकतं. आपणहून कळा आल्या तर साधारण २०० जणींत एकीला होतं, आणि होतं तेव्हा बाळाला आणि आईला दोघांनाही धोका असतो, लगेच ऑपरेशन करावं लागतं. औषध देऊन कळा आणल्या तर हा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि काही गोळ्या तर मागचं सिझर असलेल्या बाईला कळांसाठी द्यायच्याच नसतात. म्हणून आई, एरंडेल वगैरे काहीही सुचवू नकोस प्लीज, कळा लवकर याव्यात म्हणून मी स्वतःच्या मनाने काहीच घेणार नाहीये.

म्हणूनच हॉस्पिटल निवडताना मी बाकी काही बघितलं नाही, रात्री तीन वाजता ऑपरेशन थिएटर उघडेल का, भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर हजर असतील का, रक्त मिळेल का, एवढंच विचारलं. एका ठिकाणी "बघू, बोलावून घेऊ" म्हणाले, तिथून उठून आले. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, लगेच जायचं. बाळाचे ठोके मशीनवर सतत चालू राहणार, कारण टाक्याला काही होत असेल तर बहुतेक वेळा आधी ठोक्यांतच बिघाड दिसतो. दोन कळांच्या मधे पण टाक्यापाशी दुखत राहिलं, अंगावरून जास्त रक्त गेलं, चालू असलेल्या कळा अचानक थांबल्या, तर लगेच सांगायचं. कळा सोसवल्या नाहीत तर कमरेतलं इंजेक्शन मी घेणार आहे, मागचं सिझर असलं तरी ते चालतं, उगाच शूरपणा दाखवायचा नाहीये.

आणि सिझर म्हणजे धोका शून्य असं जे तुम्ही दोघं धरून चाललाय ना, ते तसं नाहीये. प्रत्येक सिझरनंतर आत चिकटाचिकटी वाढते, पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यात रुतून बसायची शक्यता वाढते. मागच्या वेळचं आठवतंय ना, खोकला आला की मी उशी पोटाशी घट्ट दाबून धरायचे, कुशीवर वळायला सुद्धा कोणीतरी लागायचं. आता घरात दिवसभर "आई उचल" करणारा एक आहे, त्याला कित्येक आठवडे उचलायचं नाही हे त्याला कोण समजावणार?

तरी सगळ्यात वाईट काय, तर भरपूर कळा सोसून शेवटी घाईत सिझर, ठरवून केलेल्या सिझरपेक्षा त्यात त्रास जास्त, हे मला माहितेय. त्यामुळे ठरवून ठेवलंय, ठोके बिघडले किंवा पिशवीचं तोंड उघडायचं थांबलं की ओढत बसायचं नाही. तारीख उलटून गेली आणि कळाच नाहीत तर डॉक्टरांशी परत बोलायचं, सिझर म्हणाल्या तर सिझर. तसं झालं तर बाळ तिथेच छातीवर द्या एवढंच सांगून ठेवलंय.

सध्या रोज चालते, हिमोग्लोबिन आणि शुगर वेळेवर तपासते, श्वासाचे व्यायाम करते. कंटाळा येतो व्यायामाचा, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. नातेवाईकांना तारीख सांगू नका, नाहीतर "झालं का" म्हणून फोन सुरू होतील. आणि कळा सुरू झाल्याचा फोन आला की सोनूला तुम्ही सांभाळा, दर अर्ध्या तासाने मला फोन करू नका, तुमचे जावई मेसेज करत राहतील. ऑपरेशन नोट्सची एक झेरॉक्स या पत्राबरोबर आहे, ती कपाटात कागदांखाली ठेवू नका, बाबांच्या पाकिटात ठेवा.

तुमची,
मोठी